हॉटेलची चव घरी आणायचा अट्टहास कशाला?

चिमूटभर

गेल्या रविवारी स्वयंपाकघराचा ताबा माझ्याकडे होता. बेत नूडल्सचा. हॉटेलात मिळतात तसे, कडा जराशा करपलेल्या आणि मागे धुराचा वास. चौघांपुरतं सगळं चिरून ठेवलं, कढई सणसणीत तापवली, भाज्या घातल्या. पहिलं मिनिटभर झकास चर्र आवाज आला आणि मग तो आवाज बदलला. ज्यांच्यावर ही वेळ आली आहे त्यांना कळेल. चर्रचं रटरट झालं. कोबीने पाणी सोडलं, त्या पाण्यात नूडल्स पोहले आणि ताटात पडला तो लगदा. लेकीने खाल्ला, वर "चांगलं झालंय, बाबा" असंही म्हणाली. सूर मात्र आजाऱ्याच्या समाचाराला आल्यासारखा.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. जे घरच्या गॅसवर होणारच नाही त्यासाठी सरळ बाहेर जावं, आणि जे बाहेर कुणी नीट करून देत नाही ते घरी करावं. साधा हिशेब आहे. घरातली मोठी शेगडी साधारण ३ किलोवॅटची. हॉटेलातली वोकची भट्टी २० ते ३० किलोवॅटच्या घरात जाते. भाजीतून सुटलेलं १०० मिली पाणी उडवायला ३ किलोवॅटच्या आचेला, सगळीच्या सगळी आच कढईत गेली तरी, सव्वा मिनिट लागतं. प्रत्यक्षात निम्मी आच बाजूने निघून जाते, म्हणजे धरा अडीच मिनिटं. तेवढा वेळ कढई १०० अंशांवर अडकून बसते. खरपूसपणा यायला १४० च्या आसपास जावं लागतं. तोवर भाजी शिजून गार. पिझ्झ्याचंही तेच. लाकडाच्या भट्टीत ४५० अंशांना दीड मिनिटात होणारी गोष्ट २५० अंशांच्या घरगुती ओव्हनमध्ये कशी व्हावी?

दुसरा मुद्दा, याला जोडूनच. लोक हॉटेलं सुचवतात तेच मुळात चुकीचं. "अमुक ठिकाणी जा, मस्त आहे" याला अर्थ नाही. पदार्थ सुचवा. एकेका स्वयंपाकघराला दोन-तीन गोष्टी उत्तम जमतात, बाकीचा मेनू म्हणजे सोबत आलेल्यांची सोय.

बोला आता.

मंद_आच

साफ असहमत. शेगडीला उगाच बदनाम करू नका, चूक तुमची आहे. चौघांचे नूडल्स एका कढईत? ३० किलोवॅटच्या भट्टीवरचा माणूससुद्धा एका वेळी एक-दोन प्लेटीच करतो. तुम्ही दशांश आचेवर दुप्पट माल टाकलात.

एकेक प्लेट करा. भाज्या धुतल्यावर फडक्याने पुसून कोरड्या करा, ओल्या भाजीने निम्मा घात तिथेच होतो. नूडल्स आधी उकडून, निथळून, तेलाचा हात लावून ताटात पसरून गार करा. कढईतून धुराची बारीक रेघ निघाली की मगच तेल. भाजी आधी परतून बाहेर काढा, मग नूडल्स पसरा आणि अर्धं मिनिट हात आवरा. सारखं हलवत राहिलं की कडा करपायला सवडच मिळत नाही. शेवटी भाजी परत आत. सॉस कढईच्या कडेने सोडा, मधे ओतू नका.

पिझ्झ्यासाठी जाड लोखंडी पत्रा किंवा जाड तवा पालथा घालून ओव्हनमध्ये पाऊण तास तापवा. लोखंड पिठाला उष्णता झपाट्याने देतं. ४५० अंशांची मजा येणार नाही हे कबूल, पण "होणारच नाही" हेही खरं नाही.

कांदा_कापू

आचेवरून भांडताय, पण हॉटेलची खरी ताकद पूर्वतयारीत आहे. सगळ्या पाककृतींमधलं सर्वांत मोठं खोटं: "कांदा सोनेरी होईपर्यंत पाच मिनिटं परता." पाच मिनिटांत कांदा फक्त घाबरतो. पांढरा होतो, मऊ पडतो, बस. खरा गडद तपकिरी, जिभेवर गोड लागणारा कांदा व्हायला मध्यम ते मंद आचेवर ४० ते ४५ मिनिटं जातात. हॉटेलात तो सकाळीच पातेलंभर करून ठेवलेला असतो, आपण संध्याकाळी सातला पाच मिनिटांत तीच चव मागतो.

मी महिन्यातून एकदा दोन किलो कांदा असा परतून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवते. एक वडी काढली की काम झालं. घाईत असाल तर चिमूटभर खायचा सोडा टाकून बघा, रंग भराभर चढतो. पण कांद्याचा पार गाळ होतो, आणि सोडा जरा जास्त पडला तर साबणासारखी चव येते. एकदा पाहुण्यांना खिलवली आहे, पुन्हा नाही.

निवृत्त_आचारी

तीस वर्षं भटारखान्यात काढली, म्हणून दोन शब्द. आच, पूर्वतयारी सगळं खरं. पण तुम्ही ज्याला "हॉटेलची चव" म्हणता त्यातली निम्मी म्हणजे लोणी, मीठ आणि साखर. किती ते सांगत नाही, जेवण गोड लागू दे. आम्हाला एका ताटात गिऱ्हाईक जिंकायचं असतं, तुम्हाला तीच माणसं वर्षभर पोसायची असतात. घरी आमच्यासारखं रोज केलंत तर महिन्याभरात कंटाळाल.

तरी एक गोष्ट घरचे लोक हमखास विसरतात. शेवटचा थेंब. पदार्थ उतरवायच्या आधी लिंबू किंवा व्हिनेगर. चव बसकी वाटली की सगळे मिठाकडे धावतात, दहातल्या पाच वेळा तिथे आंबट कमी असतं. आणि मीठ शेवटी एकदम लोटू नका. थोडं आधी, थोडं मधे, प्रत्येक वेळी चाखून.

जिभेला_हाड_नाही

घरी हॉटेलसारखं हवं, हॉटेलात गेल्यावर "अगदी घरगुती" हवं. माणसाने एकदा ठरवावं.

सात्त्विक_सुदाम

आचारीबुवांनी अजिनोमोटोचं नाव शिताफीने टाळलं. ती "हॉटेलची चव" त्यातूनच येते. मला ते खाल्लं की डोकं धरतं. असली विषं घरात नकोत, म्हणून मूळ धाग्याशी सहमत: घरी हॉटेल आणूच नका.

निवृत्त_आचारी

टाळलं नाही, विसरलो. वापरायचो, लपवत नाही. पण विष म्हणण्याआधी थोडा इतिहास. १९०८ साली जपानमध्ये किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञाने समुद्री शेवाळाच्या कढातून ग्लुटामेट (अजिनोमोटोतला चव देणारा घटक तोच) वेगळं काढलं आणि त्या चवीला "उमामी" नाव दिलं. पिकलेला टोमॅटो, मुरलेलं चीज, मशरूम यांतही ग्लुटामेट असतंच. बदनामी सुरू झाली ती १९६८ मध्ये, एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेल्या वाचकाच्या पत्रावरून. नंतर कुणाला काय दिलं हे लपवून चाचण्या झाल्या, त्यांत ठरावीक त्रास सातत्याने दिसला नाही.

तुमचं डोकं दुखतं हे मी खोटं म्हणत नाही. पण त्याच ताटात मीठ किती होतं, सोबत काय प्यायलात, जेवण रात्री किती वाजता झालं, हेही विचारात घ्या.

सात्त्विक_सुदाम

सोबत काय प्यायलो हा वैयक्तिक प्रश्न आहे.

सावकाश_शिजवा

जरा सावधगिरीचं बोलते. नूडल्सचा न्याय लोक परतलेल्या भातालाही लावतात आणि आदल्या दिवशीचा गार भात घेतात. चवीसाठी बरोबरच आहे, गार भात मोकळा राहतो. पण तो भात रात्रभर ओट्यावर झाकून ठेवलेला नको. बॅसिलस सिरिअस नावाच्या जिवाणूचे बीजाणू भात शिजवूनही मरत नाहीत. कोमट भातात ते वाढतात आणि त्यांनी सोडलेलं विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. भात झाला की ताटात पसरून गार करा आणि तास-दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये टाका. वास येत नाही म्हणून चांगला, हे इथे चालत नाही.

यादीवाला

चर्चा गॅसवरच अडकली, मला दुसऱ्या मुद्द्यावर भांडायचंय. "हॉटेल नको, पदार्थ सुचवा" हे ऐकायला छान, वागायला निरुपयोगी. आम्ही सहा जण जातो. एकाला तिखट चालत नाही, एकजण मांस खात नाही, एकाला दर वेळी सूपच हवं. त्यांना मी काय सांगू, तिथलं फक्त ते एक तळलेलं छान आहे, तेच सगळे खा?

हॉटेल सुचवता येतं, कारण सातत्य हा स्वयंपाकघराचा गुण आहे. मिशलाँ गाइड बघा. टायर विकणाऱ्या कंपनीने १९०० साली मोटारवाल्यांसाठी काढलेली पुस्तिका, १९२६ पासून तारे द्यायला लागली. त्यांचे परीक्षक ओळख न देता जातात, बिल स्वतः भरतात, आणि त्यांच्या पाच कसोट्यांपैकी एक सातत्याचीच आहे: पुन्हा गेलं तरी तसंच, आणि मेनूभर तसंच. एखादा पदार्थ तर कुणाचाही जमून जातो.

मी स्वतः काय करतो? चार पानांचा मेनू दिसला की सावध होतो, कारण एवढं सगळं ताजं कोण करणार. लोकांचे अभिप्राय वाचताना पाच तारे आणि एक तारा दोन्ही सोडून देतो. तीन तारेवाला माणूस बहुधा खरं बोलतो, त्याला ना मालकाशी देणंघेणं ना वेटरवर राग.

चिमूटभर

@यादीवाला, सहा जणांचा मुद्दा बिनतोड आहे, घेतला. पण सातत्याचा दाखला माझ्याच पथ्यावर पडतो. मेनू छोटा असला की सातत्य सोपं, हे तुम्हीच चार पानांना घाबरून मान्य करताय. आमच्या ओळखीतल्या एकाने अशाच एका ठिकाणाची तोंडभरून स्तुती केली, आम्ही गेलो, आणि त्याने जे खाल्लं ते सोडून बाकी सगळं मागवलं. रबर. नंतर विचारलं तर म्हणतो, "अरे, मी तिथे कायम सूप आणि ब्रेडच घेतो." हे आधी सांगायला काय झालं होतं?

@मंद_आच, एकेक प्लेट करून बघतो. विश्वास बसत नाही, पण बघतो.

मशरूमप्रेमी

घरी काय करावं याबद्दल कुणी बोलतच नाहीये. माझी आवडती दोन, दोन्ही बाहेर धड मिळत नाहीत.

एक, अंडं. उकळत्या पाण्यात अलगद सोडायचं, गार पाण्यात घालून तापवायचं नाही. साडेसहा-सात मिनिटांनी थेट बर्फाच्या पाण्यात. पांढरं घट्ट, पिवळं मधासारखं. उकळत्या पाण्यात टाकल्याने सालही सुटतं. अगदी ताजं अंडं मात्र सोलताना छळतं, आठवडाभर जुनं बरं. हे अंडं फोडल्यावर दोन मिनिटांत खाल्लं पाहिजे, म्हणूनच हॉटेलला परवडत नाही.

दोन, मशरूम. कोरड्या तव्यावर, तेलाशिवाय, पाणी सुटून आटेपर्यंत ठेवा. मगच लोणी आणि मीठ. जास्त शिजून वातड होतील ही भीती नको, त्यांच्या पेशींच्या भिंती कायटिन नावाच्या चिवट पदार्थाच्या असतात, त्या उष्णतेने विरघळत नाहीत. पाऊण तास विसरलात तरी माफ.

तज्ज्ञ_नव्हे

अंड्यावरून आठवलं. चिकन किंवा मांस आधी मोठ्या आचेवर खरपूस केलं की "रस आत कोंडला जातो" असं प्रत्येक जण सांगतो. एकोणिसाव्या शतकात लीबिग नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने मांडलेली ही कल्पना, पुढे चुकीची ठरली. तव्यावर जो चर्र आवाज येतो तो रस बाहेर येऊन उडत असल्याचाच असतो. खरपूस जरूर करा, पण चवीसाठी. रस टिकवायचा तर वेळेवर उतरवा.

मंद_आच

@तज्ज्ञ_नव्हे +१. आणि मांस उतरवल्यावर लगेच कापू नका, पाच-दहा मिनिटं तसंच राहू द्या.

@चिमूटभर, झालं का?

चिमूटभर

झालं. काल रात्री केलं, जसं सांगितलं तसं. भाज्या पुसल्या (कोबी पुसताना घरच्यांनी माझ्याकडे जे पाहिलं ते असो), नूडल्स ताटात गार केले, एका वेळी एक प्लेट. अर्धं मिनिट हात आवरणं सगळ्यांत कठीण गेलं. पहिल्या प्लेटीतच आवाज शेवटपर्यंत चर्र राहिला. कडा करपल्या, तो धुराचा वास पूर्ण नाही पण निम्म्याहून जास्त आला. लेक काही बोललीच नाही, प्लेट संपवून दुसरी मागितली. शेगडीबद्दलचं माझं म्हणणं मागे घेतो. पिझ्झ्याबद्दलचं नाही.

तक्रार एकच. पहिली प्लेट झाली की लेक ती गरम खायला बसते, मग दुसरी, मग पहिलीचं दुसऱ्यांदा. माझी पाळी आली तेव्हा टेबलावर कुणी नव्हतं. ओट्याशी उभ्यानेच कढईतून खाल्लं.

निवृत्त_आचारी

तीस वर्षं मीही तसाच जेवलो. हॉटेलची चव आली म्हणायची.