ड्रायव्हरचा सपोर्ट संपला: चालतंय तोवर चालवायचं की आताच बदलायचं?

टिळकवाडीकर
बेळगाव, निपाणी, चिकोडी, खानापूर पट्ट्यातल्या सौहार्द सहकारी सोसायट्यांत आणि साखर कारखान्यांच्या वजनकाट्यांवर व्हीबी ६ (व्हिज्युअल बेसिक ६, मायक्रोसॉफ्टची जुनी प्रोग्रामिंग भाषा) मधले प्रोग्राम आजही चालतात. त्यांतले कितीतरी एसक्यूएल सर्व्हरला, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसला, जोडतात ते ‘नेटिव्ह क्लायंट’ ड्रायव्हरमधून. ड्रायव्हर म्हणजे प्रोग्राम आणि डेटाबेस यांच्यातला दुवा. मायक्रोसॉफ्टने हा ड्रायव्हर २०१२ च्या आवृत्तीवर थांबवला. एसक्यूएल सर्व्हर २०२२ बरोबर तो येतच नाही. माझं म्हणणं सरळ आहे: सगळं धड चालू आहे तेव्हाच बदलून घ्या. सर्व्हर मोडला की नवा सर्व्हर येतो, त्यावर नवं विंडोज येतं, आणि काउंटरवर पिग्मी एजंट (रोजची बचत गोळा करणारे) रोकड घेऊन उभे असताना ड्रायव्हर शोधत बसावं लागतं. लोकांच्या ठेवी सांभाळणाऱ्यांनी ही वेळ येऊ देऊ नये.

निपाणीचा हिशेबनीस
अण्णा, मला हे पटत नाही. कंपन्यांच्या घोषणांमागे किती धावायचं? २०११ मध्ये याच कंपनीने सांगितलं, एसक्यूएल सर्व्हरसाठी ओएलई डीबी बंद होणार, ओडीबीसीकडे वळा (डेटाबेसला जोडायच्या या दोन वेगळ्या पद्धती). २०१७ मध्ये निर्णय फिरवला आणि २०१८ मध्ये ओएलई डीबीचा नवा ड्रायव्हर दिला. मधल्या काळात पैसे घालून ज्यांनी प्रोग्राम बदलले त्यांचं काय? व्हीबी ६ चा सपोर्टही २००८ मध्येच संपला, तरी त्यात लिहिलेले प्रोग्राम विंडोज ११ वर चालतात. छोट्या सोसायटीच्या नफ्यातून सभासदांना लाभांश द्यायचा की सॉफ्टवेअरवाल्याला? मशीन इंटरनेटपासून तोडा, रोज बॅकअप घ्या, चालतंय की.

टिळकवाडीकर
२०१७ ची गोष्ट खरी, पण अर्धीच सांगितलीत. जुना ड्रायव्हर परत आला नाही. आला तो वेगळ्या नावाचा, वेगळा बसवावा लागणारा. जोडणीत जुनंच नाव ठेवून बसलेल्यांना त्याचा काडीचा उपयोग नाही. आणि मशीन तोडलं तर खातेदारांना एसएमएस कसे जाणार?

खानापूरकरीण
तुम्ही दोघेही सगळे प्रोग्राम एकाच मापात मोजताय. आधी जोडणी कुठे लिहिली आहे ते बघा. डीएसएनमध्ये (विंडोजमध्ये नाव देऊन साठवलेली ओडीबीसी जोडणी) असेल तर त्याच नावाचा डीएसएन नव्या ओडीबीसी ड्रायव्हरवर करा, प्रोग्रामला हात लावावा लागत नाही. आयएनआय किंवा यूडीएल फाइलमध्ये (प्रोग्रामबाहेरच्या सेटिंगच्या साध्या फाइली) असेल तर तिथलं प्रोव्हायडरचं, म्हणजे ड्रायव्हरचं, नाव बदला. ईएक्सईच्या, म्हणजे तयार प्रोग्रामच्या फाइलच्या, आतच असेल तर मात्र सोर्स कोड (प्रोग्रामचा मूळ मजकूर) लागतो. मोठ्या खर्चाचा वाद या तिसऱ्या प्रकारापुरताच.

डीएसएन करताना एक सांभाळा. व्हीबी ६ चा प्रोग्राम ३२ बिटचा असतो. ६४ बिटच्या विंडोजवर ओडीबीसीच्या सेटिंगच्या खिडक्या दोन, एक ६४ बिटच्या प्रोग्रामांसाठी, एक ३२ बिटच्या, आणि ३२ बिटची खिडकी आहे ‘सिसवाव६४’ नावाच्या फोल्डरमध्ये! चुकीच्या खिडकीत डीएसएन केला की तिथली चाचणी पास होते, प्रोग्राम मात्र डेटा सोर्स सापडत नाही म्हणतो. माणसं नव्या ड्रायव्हरला दोष देतात आणि जुन्याकडे परततात. हे बघून फार वाईट वाटतं, कारण काम पाच मिनिटांचं असतं.

शिवाय २०२२ मध्ये आलेला ओडीबीसी ड्रायव्हर १८ जोडणी आपणहून एन्क्रिप्ट (सांकेतिक) करायला बघतो आणि सर्व्हरचं सर्टिफिकेट, म्हणजे त्याचं डिजिटल ओळखपत्र, विश्वासाचं नसेल तर नकार देतो. एकाच ऑफिसच्या आत ‘ट्रस्ट सर्व्हर सर्टिफिकेट’ चालू करून तात्पुरतं भागतं. शाखा इंटरनेटवरून जोडल्या असतील तर तसं करू नका, नीट सर्टिफिकेट बसवा.

आणि आपल्या भागाची अडचण वेगळीच: खातेदारांची नावं कुठे मराठीत, कुठे कन्नडमध्ये, तीही युनिकोडच्या आधीच्या फॉन्टांत टाइप केलेली. वाटेत कुठे कोडपेज (कोणत्या आकड्याला कोणतं अक्षर याचा तक्ता) बदललं की पासबुकावर नावाच्या जागी भलतीच अक्षरं उमटतात. आधी डेटाबेसच्या प्रतीवर नवा ड्रायव्हर लावा, पासबुकं छापून बघा, मगच खऱ्याला हात लावा.

संकेश्वरचा काटेवाला
ताईंचं सगळं बरोबर, पण आताच बदला म्हणणाऱ्यांना माझा विरोध आहे. गाळप चालू असताना काट्याच्या मशीनला कुणी हात लावू नये. एका कारखान्यात ऐन हंगामात सर्व्हर बदलला. वजन पडद्यावर दिसत होतं, पावती सेव्ह होईना. ट्रॅक्टरांची रांग रस्त्यावर आली आणि तोडलेला ऊस उन्हात वाळत राहिला. वजन घटतं ते शेतकऱ्याचं. हंगाम आटोपल्यापासून पुढची मोळी पडेपर्यंत महिने मोकळे असतात, तेव्हा काय ते करा.

चिकोडीचा पोरगा
सगळे पोस्टग्रेसवर (फुकट मिळणाऱ्या डेटाबेसवर) चला, लायसन्सची कटकटच नाही.

निपाणीचा हिशेबनीस
बाळा, तिथेही एका मुख्य आवृत्तीला ५ वर्षंच सपोर्ट मिळतो. ताई, तुमचे पहिले दोन प्रकार मला मान्य. डीएसएनवाल्यांनी बदलावं. तिसऱ्याबद्दल मी ठाम आहे. प्रोग्राम लिहिणारा गाव सोडून गेला, फोन उचलत नाही, सोर्स कोड त्याच्याच लॅपटॉपवर. अशा सोसायटीला नवा प्रोग्राम घ्यायचा तर ठराव, कोटेशन, जुना डेटा नव्यात आणणं, सगळंच आलं. तोवर जुन्या सर्व्हरवर राहण्यावाचून त्यांना दुसरी वाट नाही.

टिळकवाडीकर
राहा, पण किती दिवस ते ठरावात तारखेसह लिहा. आणि नव्या करारात दोन अटी घाला: सोर्स कोडची प्रत सोसायटीच्या लॉकरमध्ये, आणि ड्रायव्हर बदलण्याचं काम एएमसीच्या (वार्षिक देखभाल कराराच्या) रकमेतच.