पांढऱ्या काविळीवर पेशींचं इंजेक्शन? त्या पोस्टला उत्तर

कृष्णाकाठ : कालपासून सांगली-मिरजेच्या ग्रुपांवर एक पोस्ट फिरतेय. ‘हिपॅटायटिस बी असेल तर रोगप्रतिकारक पेशींचं इंजेक्शन घ्या, मुळासकट जाते, किडनी बदललेल्यांनाही चालतं, गोळ्या बंद करा.’ शेवटचे तीन शब्द वाचून डोकं तडकलं. हिपॅटायटिस बी म्हणजे आपली पांढरी कावीळ. तिच्या विषाणूचा डीएनए यकृतपेशीच्या केंद्रकात ठाण मांडून बसतो. टेनोफोविर, एन्टेकॅविर या गोळ्या त्याची वाढ रोखतात, मूळ काढत नाहीत. गोळी सोडली की तो उसळू शकतो, आणि टॅक्रोलिमस-स्टेरॉइडसारख्या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांवरच्या माणसाच्या जिवावर बेतू शकतं. संशोधन खरं आहे. सिंगापूरचे अँटोनिओ बर्टोलेट्टी आणि सहकाऱ्यांनी हिपॅटायटिस बी ओळखणाऱ्या टी-पेशी (रोगप्रतिकारक पेशींचा एक प्रकार) तयार करून यकृत बदलल्यावर यकृताचा कॅन्सर उलटलेल्या मोजक्या रुग्णांना दिल्यात. पण या पेशी विषाणू मारतात म्हणजे बऱ्याचदा तो असलेली यकृतपेशीच मारतात. किती मारतील? शिवाय प्रत्यारोपणाची औषधं त्यांनाही दाबतात. औषधं कमी करावीत तर किडनी जायची भीती.

मिरजपूर्व : नुसती भीती घालताय. माझ्या मेव्हण्याची किडनी बदललीय, बी आहे, जन्मभर गोळी. प्रतिकारशक्ती असलेल्या दात्याचा बोनमॅरो घातल्यावर रुग्णाच्या रक्तातून बी गेल्याच्या नोंदी १९९० च्या दशकातल्या आहेत. मुंबईची कार-टी, म्हणजे रुग्णाच्याच टी-पेशी बदलून परत द्यायचा उपचार, २०२३ मध्ये मंजूर झालीच की. मग आमच्या माणसानं आशा धरायची नाही?

कृष्णाकाठ : बोनमॅरोचं मान्य. पण ती कार-टी रक्ताच्या कॅन्सरची आहे. ती बी-पेशी नावाच्या प्रतिकारक पेशीच पुसून टाकते (या ‘बी’चा हिपॅटायटिस बीशी संबंध नाही), त्यामुळे लपलेला हिपॅटायटिस बी उलट जागा होऊ शकतो.

तासगावची लेक : पेशी राहू द्या, आपल्याकडे अजून काविळीवर माळ घालतात! चुन्याच्या पाण्यात हात धुवायचे, पाणी पिवळं झालं की कावीळ उतरली. चुलत्यांचे दोन महिने त्यातच गेले. दवाखान्यात नेलं तेव्हा पोटात पाणी भरलं होतं.

वाळव्याची माती : आमच्या आज्यानं आयुष्यभर फुकट माळ दिली, एक पैसा घेतला न्हाई. शेकडो माणसं बरी झाली. ती काय खोटी?

तासगावची लेक : हिपॅटायटिस ए आणि ई ची कावीळ बहुतेकांची आपोआप बरी होते, माळ घाला नाहीतर नका घालू. बी आणि सी मात्र अनेकांच्या अंगात वर्षानुवर्षं मुरून राहते. आज्यानं कुणाचं रक्त तपासलं होतं?

वाळव्याची माती : मेलेल्या माणसाला मधी ओढू नका. तुमच्या डॉक्टरांनी तरी तपासलं का? माझ्या वहिनीला संधिवातासाठी रिटुक्सिमॅब हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध दिलं, आधी बी ची तपासणी केली न्हाई. यकृत सुजून आयसीयूत गेली. दवाखाना मोठा, बिल त्याहून मोठं.

कृष्णाकाठ : हा राग रास्त आहे. रिटुक्सिमॅबआधी एचबीएसएजी आणि अँटी-एचबीसी या हिपॅटायटिस बी च्या दोन्ही रक्ततपासण्या बघायलाच हव्यात. केमोआधीही. पेशींच्या गप्पा मारणाऱ्यांनी आधी एवढं मागावं. २०१८ पासूनच्या हिपॅटायटिसच्या राष्ट्रीय कार्यक्रमात सरकारी केंद्रांवर तपासणी आणि गोळ्या फुकट आहेत.

वाळव्याची माती : बरं. माळ घालायची त्यानं घालावी, पण रक्त तपासून. आज्याला नावं ठेवू नका, बास.

मिरजपूर्व : मेव्हण्याची गोळी चालूच राहील, तेवढं पटलं. पण या पेशींची माणसांवरची खरी चाचणी निघाली तर मी त्याचं नाव देणार, तेव्हा आडवे येऊ नका.

कृष्णाकाठ : येणार नाही, मीच सोबत येईन. पण रीतसर चाचणीत प्रायोगिक उपचाराचे पैसे रुग्णाकडून घेत नाहीत, आणि तिची सीटीआरआयवर, म्हणजे देशातल्या अशा चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत, नोंद असते. त्या पोस्टवाल्याला नोंदणी क्रमांक विचारा. दिला तर इथेच टाका.