भांडण काँग्रेसचं, रेशन दुसऱ्याचं: अमेरिकेतल्या 43 दिवसांच्या शटडाऊनबद्दल

पोटोमॅककाठी (धागाकर्ती)

12 नोव्हेंबर 2025 ला रात्री ट्रम्प यांची सही झाली आणि 1 ऑक्टोबरपासून ठप्प असलेलं अमेरिकेचं केंद्र सरकार 43 दिवसांनी सुरू झालं. इतकं लांबलेलं शटडाऊन या देशाने आधी पाहिलं नव्हतं. 2018-19 चं, मेक्सिकोच्या सीमेवरच्या भिंतीवरून झालेलं, 35 दिवसांचं होतं.

भारतातल्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. इथलं सरकारी आर्थिक वर्ष 1 ऑक्टोबरला सुरू होतं. तोवर खर्चाची बिलं, निदान तात्पुरती मंजुरी, काँग्रेसमध्ये म्हणजे इथल्या संसदेत झाली नाही तर खात्यांना पैसा खर्च करायला कायद्याने मनाई आहे. मग 'अत्यावश्यक' ठरलेल्यांनी बिनपगारी कामावर यायचं आणि बाकीच्यांनी बिनपगारी घरी बसायचं. या वेळी दोन्ही मिळून सुमारे 14 लाख माणसं होती. वाद ओबामाकेअरच्या आरोग्यविम्यावरच्या वाढीव अनुदानाचा. 2021 मध्ये कोविडच्या दिवसांत ते सुरू झालं आणि 2025 अखेरपर्यंतच होतं. डेमोक्रॅट म्हणाले, आधी ते चालू ठेवा, मग मतं देतो. रिपब्लिकन म्हणाले, आधी सरकार उघडा, मग बोलू. सेनेट या वरच्या सभागृहात 60 मतं लागतात, रिपब्लिकनांकडे 53. शेवटी डेमोक्रॅटांच्या बाजूचे आठ जण फुटले, एक रिपब्लिकन विरोधात गेला, आणि 60-40 ने 30 जानेवारीपर्यंतचा तोडगा निघाला.

मी उत्तर व्हर्जिनियात राहते. आमच्या गल्लीत चार घरांआड एक सरकारी नोकर आहे. दर शनिवारी सकाळी मी गावच्या मोफत अन्नवाटप केंद्रात पिशव्या भरायला जाते: अडीच किलो तांदूळ, शेंगदाण्याचं बटर, डबाबंद घेवडा, जमलं तर अंडी. 24 ऑक्टोबरच्या आसपास पहिला अख्खा पगार बुडाला आणि रांगेतले चेहरे बदलले. नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी एक बाई आली. गळ्यात ओळखपत्राची निळी दोरी होती, पण ओळखपत्र तिने शर्टाच्या आत सरकवलेलं होतं. टेबलापाशी आल्यावर तिने हळू आवाजात विचारलं, "इथे नाव लिहावं लागतं का?" मी नाही म्हटलं, तेव्हा तिने पिशवी घेतली. तिच्या मागे उभ्या असलेल्या आजोबांच्या अन्नमदतीच्या कार्डावर नोव्हेंबरचे पैसे आलेच नव्हते. ती मदत तेव्हा देशात सुमारे 4 कोटी 20 लाख लोकांना मिळत होती.

माझं मत स्पष्ट आहे. अनुदान चालू राहिलंच पाहिजे असं मलाही वाटतं. पण ते मिळवण्यासाठी त्या बाईचा पगार आणि त्या आजोबांचं रेशन अडकवायचा हक्क कुठल्याच पक्षाला नाही. बजेट वेळेत झालं नाही तर गेल्या वर्षीच्या दराने खर्च आपोआप चालू राहील, असा कायदा करा आणि हे हत्यार दोघांच्याही हातून काढून घ्या. ओहायोचे तेव्हाचे सेनेटर रॉब पोर्टमन यांनी असं विधेयक वर्षानुवर्षं मांडलं. ते कधीच मंजूर झालं नाही.

हडसनपलीकडे

ताई, तुमच्या पिशव्यांबद्दल आदर आहे, पण मी पूर्ण असहमत.

माझ्या वहिनीचं न्यू जर्सीत शिवणकामाचं छोटं दुकान आहे. नोकरी नाही, म्हणून कंपनीचा विमा नाही. दोघांचा विमा बाजारातून घेतात. 1 नोव्हेंबरला पुढच्या वर्षाचे दर बघायला तिने संकेतस्थळ उघडलं आणि मला फोन केला. आकडा सांगताना ती दोनदा थांबली. हप्ता दुपटीच्या वर गेला होता. असे अनुदान घेणारे लोक 2025 मध्ये 2 कोटींच्या वर होते. त्यांच्यासाठी भांडायला डेमोक्रॅटांच्या हातात दुसरं होतं काय? अध्यक्ष त्यांचा नाही, दोन्ही सभागृहं त्यांची नाहीत. फक्त ती 60 मतांची अट होती.

आणि आठ जणांनी 40 दिवस सोसल्यावर काय आणलं? डिसेंबरमध्ये सेनेटमध्ये मतदान घेऊ, एवढा शब्द. प्रतिनिधीगृहात मतदान होईल याचंसुद्धा वचन नाही. 4 नोव्हेंबरला तुमच्या व्हर्जिनियात स्पॅनबर्गर आणि आमच्याकडे शेरिल, दोघी डेमोक्रॅट, गव्हर्नर म्हणून निवडून आल्या, लोक कुणाच्या बाजूने आहेत ते दिसलं, आणि पाचच दिवसांत यांनी हात वर केले. जिंकत आलेली लढाई सोडली, त्याचा मला अजून राग येतो.

ह्यूस्टनचा_पाटील

दोघांनाही माझं उत्तर आहे.

प्रतिनिधीगृहाने 19 सप्टेंबरला 21 नोव्हेंबरपर्यंतची मुदतवाढ मंजूर केली होती. तिच्यात ओबामाकेअर तोडायचं कलम नव्हतं, आहे तो खर्च आहे तसा चालू ठेवायचा होता. सेनेटमध्ये डेमोक्रॅटांनी ती चौदा वेळा अडवली. मग सरकार बंद कुणी ठेवलं?

2013 आठवा. रिपब्लिकन सेनेटर टेड क्रूझ आणि मंडळींनी ओबामाकेअरचे पैसे तोडा म्हणून 16 दिवस सरकार बंद पाडलं. तेव्हा हेच डेमोक्रॅट म्हणाले की धोरणाचं भांडण निवडणुकीत करा, सरकारी नोकराच्या पगारावर करू नका. मी स्वतः रिपब्लिकनांना मत देतो, तरी तेव्हा मला ते पटलं होतं. आजही पटतं. तत्त्व माणूस बघून बदलत नाही.

राहिलं अनुदान. ते 2025 अखेर संपेल ही तारीख 2022 मध्ये डेमोक्रॅटांनीच घातली होती. कायमचं करायचं तर दहा वर्षांत सुमारे 350 अब्ज डॉलर लागतात, असा काँग्रेसच्याच अर्थसंकल्प कार्यालयाचा हिशेब आहे. वहिनींची अडचण खरी आहे, पण एवढ्या खर्चाचा निर्णय गळा धरून घ्यायचा नसतो.

हडसनपलीकडे

पाटील, 19 सप्टेंबरला ते मतदान झालं आणि तेव्हापासून 12 नोव्हेंबरपर्यंत रिपब्लिकन स्पीकर जॉन्सन यांनी प्रतिनिधीगृह भरवलंच नाही, हे का सांगत नाही? ॲरिझोनातून 23 सप्टेंबरला निवडून आलेल्या अडेलिता ग्रिहाल्वा यांना शपथ घ्यायला सात आठवडे थांबावं लागलं. वाटाघाटीला समोर माणूसच नाही, तर करार कुणाशी करायचा?

दुसरं, आणि हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं: या सरकारशी केलेला बजेटचा करार टिकतो का? ऑगस्टच्या शेवटी ट्रम्प सरकारने काँग्रेसने मंजूर केलेली परदेशी मदतीची 4.9 अब्ज डॉलरची रक्कम खर्च करायची नाही असं परस्पर ठरवलं. वर्ष संपायला महिना उरला असताना हे केलं, म्हणजे काँग्रेसला काही करायला वेळच मिळू नये. आज सही करायची आणि उद्या पैसे अडवायचे, असं असेल तर ताईंच्या 'आपोआप चालू' कायद्याचा उपयोग काय? खर्च कागदावर चालू राहील आणि तिजोरीची किल्ली एकट्या अध्यक्षाकडे जाईल.

एकसष्टावा_दिवस

मी मतदार नाही, एच-1बी या नोकरीच्या व्हिसावर आहे. माझं सांगतो.

सप्टेंबरच्या मध्याला नोकरी गेली. नवी मिळवायला 60 दिवस असतात. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ऑफर हातात आली, पण नव्या कंपनीला आधी कामगार खात्याकडून एलसीए, म्हणजे पगार आणि कामाच्या अटींचं हमीपत्र, मंजूर करून घ्यावं लागतं. एरवी आठवड्याचं काम. कामगार खातं बंद. इमिग्रेशन खातं फीवर चालतं म्हणून ते उघडं, पण एलसीएशिवाय त्यांच्याकडे अर्ज जात नाही. घड्याळ मात्र थांबत नव्हतं. रोज सकाळी उठून मी आणि बायको ते पोर्टल उघडून बघायचो. ऑक्टोबर सरता सरता ते सुरू झालं. माझं काम दोन दिवस राखून झालं. माझ्याबरोबर काढलेल्या एका मित्राचं झालं नाही, तो मुलीची शाळा अर्ध्यात सोडून नागपूरला परतला.

जिंकत आलेली लढाई वगैरे मला कळतं, पण त्या लढाईत आमची गिनती कुणीच केली नव्हती. मी धागाकर्तीच्या बाजूने.

निवृत्त_कोषागार (सातारा)

कोषागारात चौतीस वर्षं काढली, म्हणून दोन शब्द.

आपल्याकडे 31 मार्चपर्यंत बजेट पूर्ण मंजूर झालं नाही तर लेखानुदान घेतात. केंद्राला घटनेच्या 116 व्या कलमाने, राज्यांना 206 व्या कलमाने ती सोय आहे. 2024 मध्ये लोकसभेच्या निवडणुका होत्या म्हणून महाराष्ट्राने फेब्रुवारीत अंतरिम अर्थसंकल्प मांडला आणि पुरा अर्थसंकल्प जूनच्या शेवटी. मधल्या महिन्यांत एका शिपायाचा पगार थांबला नाही. धन विधेयक राज्यसभा 14 दिवसांपलीकडे रोखू शकत नाही. आणि लोकसभेने पैसे नाकारले तर सरकारच पडतं. खुर्ची शाबूत आणि कारभार बंद, हा प्रकार आपल्या घटनेत बसतच नाही.

अमेरिकेतही हे पहिल्यापासून असं नव्हतं. मंजुरीशिवाय खर्च करू नये हा कायदा एकोणिसाव्या शतकातला आहे, पण मंजुरी लांबली तरी खाती काटकसरीने चालू राहायची. 1980 मध्ये ॲटर्नी जनरल बेंजामिन सिव्हिलेटी यांनी त्या कायद्याचा कडक अर्थ लावला, की पैसे नाहीत तर काम बंद. त्या एका अभिप्रायानंतर हे सत्र सुरू झालं. म्हणून पोटोमॅककाठी म्हणतात तो कायदा मला अजिबात अवघड वाटत नाही. लेखानुदानच आहे ते.

मांडवीकर

काका, तुमच्या अनुभवापुढे मी लहान आहे, पण इथे विरोध नोंदवतो.

आपल्याकडे सरकार बंद पडत नाही, कारण आपली संसद पैशावर भांडतच नाही. 23 मार्च 2023 ला लोकसभेने सुमारे 45 लाख कोटी रुपयांच्या खर्चाच्या मागण्या चर्चेशिवाय मंजूर केल्या, गिलोटिन लावून, म्हणजे चर्चा न झालेल्या सगळ्या मागण्या एकदम मताला टाकून, गोंधळात, काही मिनिटांत. 2018 मध्येही तेच झालं होतं. शेती, आरोग्य, शिक्षण, कुठल्याच खात्यावर एक वाक्य नाही.

आणि ते आठ सेनेटर बघा. हडसनपलीकडे त्यांच्यावर चिडले आहेत, पण पक्षाचा आदेश मोडून मत देऊनही त्यांची जागा शाबूत आहे. आपल्याकडे 1985 च्या पक्षांतरबंदी कायद्यामुळे व्हिप मोडला की सदस्यत्वावर गदा. बजेटवर आपला खासदार स्वतःच्या मतदारसंघासाठी अडून बसूच शकत नाही. लोकप्रतिनिधीच्या हातात तिजोरी अडवायची ताकद असणं ही मोठी गोष्ट आहे. ताईंचा कायदा झाला तर ती ताकद बोथट होईल. ज्याला आहे ते बदलू द्यायचं नाही, तो स्वस्थ बसेल, आणि जुनंच बजेट वर्षामागून वर्ष चालू राहील. महागाई वाढेल, रेशनची रक्कम मात्र तीच.

निवृत्त_कोषागार

मांडवीकर, गिलोटिनबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे आणि मला त्याची लाज वाटते. पण चर्चा होत नाही हा दोष चर्चेच्या वेळेचा आणि व्हिपचा आहे. तो सुधारायला पगार बंद पाडावे लागत नाहीत.

पोटोमॅककाठी

मांडवीकर यांचा शेवटचा मुद्दा मला लागला. जुनंच बजेट वर्षानुवर्षं चालू राहण्याची भीती खरी आहे. म्हणून मी माझ्या म्हणण्यात एक भर घालते: आपोआप मंजुरी चालू असेपर्यंत काँग्रेसने रोज सभागृह भरवायचं, सुट्टी नाही, मतदारसंघात परतणं नाही, दुसरं कुठलं विधेयक घ्यायचं नाही. दबाव हवाच, पण तो वाद घालणाऱ्यांवर पडू दे.

हडसनपलीकडे, तुमचा राग मी समजू शकते. पण या हत्याराने कुणाला काय मिळालं ते एकदा बघा. 1995-96 मध्ये रिपब्लिकन स्पीकर गिंगरिच यांनी 21 दिवस बंद पाडलं, क्लिंटन पुन्हा निवडून आले. 2013 मध्ये क्रूझ यांना ओबामाकेअर थांबवता आलं नाही. 2018-19 मध्ये ट्रम्प यांनी भिंतीला 5.7 अब्ज डॉलर मागितले, 35 दिवसांनी रिकाम्या हाताने सरकार उघडलं आणि फेब्रुवारीत कुंपणापुरते 1.375 अब्ज मिळाले. आता 43 दिवसांनी एका मतदानाचं वचन. दर वेळी पगार बुडाला तो तिसऱ्याचाच. सहा आठवडे बंद राहिलं तर 11 अब्ज डॉलरचं उत्पन्न कायमचं बुडेल, असा अर्थसंकल्प कार्यालयाचा अंदाज होता. ते अनुदानातही गेले नाहीत आणि कर्जफेडीतही नाहीत.

करार टिकतो का, या तुमच्या प्रश्नाला मात्र माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. मंजूर पैसा अध्यक्षाने अडवला तर आपोआप चालणारा कायदाही लंगडाच राहील.

आमच्या राज्याचे दोन्ही सेनेटर डेमोक्रॅट. टिम केन यांनी तोडग्याला मत दिलं, मार्क वॉर्नर यांनी विरोधात. केन यांनी बदल्यात शटडाऊनमध्ये काढून टाकलेल्या कर्मचाऱ्यांना परत घेण्याचं आणि 30 जानेवारीपर्यंत नव्याने कपात न करण्याचं कलम घालून घेतलं. आमच्या शेजाऱ्यासाठी ते कलम म्हणजे जानेवारीचा घराचा हप्ता आहे.

हडसनपलीकडे

रोज सभागृह भरवायची अट मला मान्य आहे. बाकी नाही. वहिनीने अजून विमा घेतलेला नाही, डिसेंबरच्या मतदानाची वाट बघते आहे. ते हरलं तर 30 जानेवारीला मी आमच्या सेनेटरांना फोन करून पुन्हा अडवाच म्हणून सांगणार. ताईंच्या रांगेतली बाई डोळ्यांसमोर ठेवून सांगेन, पण सांगेन.

पोटोमॅककाठी

सांगा. मीही केन यांच्या कार्यालयात फोन करणार आहे, उलटं सांगायला. केंद्रात आम्ही जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यासाठी तांदळाची मागणी आत्ताच दुप्पट लिहून ठेवली आहे.