मदत हवी आहे: इंग्रजीच्या तासाला करिअरची तयारी, पण गुण कसे द्यायचे?

पदवीच्या दुसऱ्या वर्षाला इंग्रजी शिकवते. वर्ग मोठा, शाखा वेगवेगळ्या, बहुतेक मुलं सीईएफआरच्या (भाषा किती येते ते मोजणारी युरोपीय चौकट) बी१, म्हणजे मध्यम पातळीवर. अभ्यासक्रम बदलता येत नाही. अंतर्गत गुण तेवढे माझ्या हातात आहेत.

रेझ्युमे लिहून घेतले, तर सगळ्यांनी एकच नमुना उतरवला. मुलाखतीसाठी 'स्टार' पद्धत (प्रसंग, जबाबदारी, कृती, परिणाम) शिकवली, तर उत्तरं पाठ करून आली. पण आपल्या आवडीच्या क्षेत्रातल्या माणसाला भेटून प्रश्न विचारायला आणि ते वर्गात इंग्रजीतून सांगायला लावलं, तेव्हा मुलं मनापासून बोलली! हेच पुढे न्यायचंय. नोकरीऐवजी पुढे शिकायचं असलेल्यांनाही ते उपयोगी पडतं.

अशा कामाला भाषेचे आणि करिअरविषयक विचाराचे गुण वेगळे द्यावेत की एकत्र? कुणी हे केलं असेल तर निकष कोणते ठेवलेत?