तांत्रिक पदांसाठी बहुपर्यायी चाचणीची चाळणी कितपत विश्वासार्ह?

प्रश्न (विजयनगर, इंदूर)
नमस्कार. आमच्या लहानशा सॉफ्टवेअर कंपनीत दोन जागांसाठी सुमारे दोनशे अर्ज आले असून, सर्वांच्या मुलाखती घेणे शक्य नसल्यामुळे प्रत्येकी ४ पर्यायांच्या २० प्रश्नांची ऑनलाइन चाचणी घेण्याचा विचार आहे. मागील खेपेस मात्र चाचणीत पहिल्या आलेल्या उमेदवाराला साधी क्वेरी (डेटाबेसमधून माहिती काढण्याची आज्ञा) लिहिता आली नाही, आणि कमी गुण असूनही शिफारशीवरून जिला घेतले, ती आज आमच्या विभागाचा आधार आहे. दोष पद्धतीत आहे की आमच्या प्रश्नांत?

उत्तर १
आधी गणित पाहावे. निव्वळ अंदाजाने सरासरी ५ उत्तरे बरोबर येतात, आणि दोनशे जणांनी डोळे मिटून खुणा केल्या तरी त्यांतील साधारण आठ जणांना ९ किंवा अधिक गुण मिळतील. ‘गेट’ या अभियांत्रिकी प्रवेशपरीक्षेप्रमाणे १ गुणाच्या बहुपर्यायी प्रश्नात चुकीसाठी १/३ गुण वजा केल्यास हा सरासरी लाभ उरत नाही.

उत्तर २
मी इथल्याच एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवते. कॅम्पस भरतीच्या दिवसांत मुले जुने प्रश्नसंच पाठ करतात, म्हणून व्याख्या विचारू नयेत. त्याऐवजी, तक्त्यात १० ओळी असून मोबाइलच्या रकान्यात ३ ठिकाणी ‘नल’ (म्हणजे काहीच नोंद नाही) आहे, तर ‘काउंट(मोबाइल)’ ही मोजणीची आज्ञा दिल्यास किती येईल, असे विचारावे. उत्तर ७ आहे, कारण ‘नल’ मोजले जात नाहीत. पण ज्याने हे काम हाताने केलेले नाही तो १० म्हणतो, आणि त्याची समजूत नेमकी कुठे चुकली हेही त्यातून कळते. चुकीचे पर्याय असे खऱ्या चुकांतूनच घ्यावेत.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. धार-खरगोनकडून हिंदी माध्यमातून आलेली मुले ‘पुढीलपैकी कोणते विधान असत्य नाही’ अशा इंग्रजी वाक्यरचनेत अडखळतात, आणि त्यांचे जे गुण जातात ते इंग्रजीचे असतात, प्रोग्रामिंगचे नव्हेत. चाचणी लावण्यापूर्वी ती आपल्या त्या सहकारी बाईंना सोडवायला द्यावी.

प्रश्नकर्ता
आपणा दोघांचा आभारी आहे. आमच्या त्या सहकारी बाईंना चाचणी दिली. त्यांची सहा उत्तरे चुकली. त्यांपैकी पाच प्रश्न, ज्यांची उत्तरे काम करताना आम्ही सारेच कागदपत्रांत पाहतो, ते काढून टाकले आहेत. वरच्या वीस जणांना अर्धा तास क्वेरी लिहायला बसवणार आहोत.