६५ इंची एलसीडी पॅनेल: काचेवरच्या कामात वीज कुठे वाचते?

जिज्ञासू_पुणे
बॅकलाइटला चांगल्या एलईडी लावल्या की वीज वाचते, हे सगळेच सांगतात. पण ॲरे (काचेवर तारा आणि ट्रान्झिस्टर बसवणं) आणि सेल (दोन काचांमध्ये द्रवस्फटिक भरून त्या जोडणं) या टप्प्यांत किती फरक पडतो? शार्पने जपानमधल्या साकाईच्या कारखान्यात आणलेल्या यूव्ही-टू-ए पद्धतीने, म्हणजे अतिनील प्रकाशाने द्रवस्फटिकाची दिशा ठरवून, काय साधलं? शिवाय ६५ इंची फोर-के पॅनेल उभं ठेवून चाचणी केली की तापल्यावर खालच्या कडेला पिवळसर पट्टा येतो, गार झाल्यावर जातो. दोष बॅकलाइटचा की सेलचा?

सेल_लाइन
आधी उजेडाचा हिशेब बघा. बॅकलाइटमधून शंभर भाग उजेड निघाला तर पूर्ण पांढऱ्या पडद्यावरही जेमतेम पाच-सहा भाग बाहेर येतात. मागचा पोलरायझर, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा उजेड सोडणारी फिल्म, निम्म्याहून जास्त खातो. त्यातला काही भाग परावर्तक फिल्म लावून परत फिरवता येतो. लाल, हिरवा, निळा रंग देणारा कलर फिल्टर उरलेल्यातले साधारण दोन तृतीयांश गिळतो. मग राहतो ॲपर्चर रेशो, म्हणजे पिक्सेलचा उजेड सोडणारा भाग. खरी कमाई तिथेच आहे, कारण तो वाढला की तितक्याच ब्राइटनेससाठी एलईडीचा करंट उतरवता येतो.

जुन्या व्हीए पॅनेलमध्ये (ज्यात वीज नसताना रेणू काचेला काटकोनात उभे असतात) द्रवस्फटिकाचे रेणू कुठे झुकायचे हे ठरवायला पिक्सेलमध्ये उंचवटे आणि चिरा ठेवत. ती जागा अंधारी राही आणि उंचवट्यांपाशी काळ्या पडद्यावरही उजेड गळे. यूव्ही-टू-एमध्ये काचेवरच्या, रेणूंना दिशा देणाऱ्या अलाइनमेंट फिल्मवर तिरका अतिनील प्रकाश टाकतात आणि रेणू त्या दिशेला कलतात. खालच्या काचेवर दोन उलट दिशा, वरच्या काचेवर त्यांना काटकोनात दोन. काचा जुळल्या की पिक्सेलचे चार भाग होतात. शार्पने २००९ मध्ये ॲपर्चर २० टक्क्यांहून जास्त वाढल्याचं आणि कॉन्ट्रास्ट ५०००:१ झाल्याचं जाहीर केलं. मात्र चार भागांच्या सीमेवर काळी रेघ उरतेच. अतिनील प्रकाश हवा तिथेच पाडणारा मास्क सरकला किंवा काचा जुळवताना चूक झाली, तर ती रेघ रुंदावते आणि कमावलेलं ॲपर्चर हातचं जातं.

ॲरे_मंडळी
तारांचाही वाटा मोठा आहे. फोर-केमध्ये २१६० ओळी. १२० हर्ट्झला एका ओळीच्या वाट्याला चार मायक्रोसेकंदही येत नाहीत. गेट लाइनचा, म्हणजे पिक्सेलची ओळ चालू करणाऱ्या तारेचा, रोध जास्त असेल तर सिग्नल लांबच्या टोकाला पोचेपर्यंत गोलावतो आणि तिथले पिक्सेल अर्धवट चार्ज होतात. ॲल्युमिनियमऐवजी तांबं घेतलं की रोध सुमारे एक तृतीयांश घटतो, तार बारीक करता येते आणि तेवढी जागा उजेडाला मिळते. पण तांबं काचेला नीट धरत नाही. खाली मॉलिब्डेनम किंवा टायटॅनियमचा पातळ थर हवाच, नाहीतर धुताना तार सुटते. एचिंगला (नको असलेला धातू विरघळवायला) हायड्रोजन पेरॉक्साइडवर आधारलेलं द्रावण वापरत असाल तर त्यात विरघळलेल्या तांब्यावर सतत नजर ठेवा. तांब्यामुळे पेरॉक्साइड वेगाने फुटतो आणि टाकी तापते. हा थेट सुरक्षेचा प्रश्न आहे, यात हयगय नको.

सेल_लाइन
आता पिवळा पट्टा. हा ग्रॅव्हिटी मुरा (गुरुत्वाने द्रव खाली उतरून येणारा डाग) दिसतोय, म्हणजे सेलमध्ये द्रवस्फटिक जास्त पडलंय. ६५ इंची पॅनेलचं क्षेत्र साधारण १.१५ चौरस मीटर. सेल गॅप, म्हणजे दोन काचांमधलं अंतर, ३.३ मायक्रोमीटर धरला तर सगळं मिळून ३.८ मिलिलिटर लागतं, चहाचा चमचाही भरत नाही! एक टक्का जास्त म्हणजे फक्त ०.०४ मिलिलिटर. तापल्यावर द्रव फुगतो, काचा त्यांच्यातलं अंतर राखणाऱ्या स्पेसरवरून उचलल्या जातात, द्रव खाली उतरतो आणि तिथला गॅप वाढून रंग पिवळट होतो.

खात्री करायची तर तापलेलं पॅनेल उलटं उभं करून तसंच चालू ठेवा. पट्टा नव्या खालच्या बाजूला गेला तर सेलच, जागेवरच राहिला तर बॅकलाइट किंवा फिल्म.

जिज्ञासू_पुणे
मग काचेवर टाकायचे द्रवस्फटिकाचे थेंब सरसकट कमी करायचे का?

सेल_लाइन
नाही. फार कमी केले तर थंडीत द्रव आकसतो आणि सेलमध्ये निर्वाताचे बुडबुडे धरतात. प्रत्येक कलर फिल्टर काचेवर स्पेसरची उंची मोजा आणि त्या आकड्यावरून त्या काचेपुरती थेंबांची मात्रा बदला. लॉटच्या सरासरीवर चालवू नका. मोठ्या काचेवर मधली आणि कडेची उंची सारखी नसते, म्हणून मोजमापाचे बिंदू प्रत्येक पॅनेलच्या क्षेत्रात वेगळे घ्या.

ॲरे_मंडळी
एकच भर. २२०० × २५०० मिमीच्या ८.५ पिढीच्या (पिढी म्हणजे कारखान्यातल्या मूळ काचेचा आकार) काचेतून ६५ इंची तीनच निघतात, २९४० × ३३७० मिमीच्या १०.५ पिढीतून आठ. तिथे एक काच चुकली की आठ पॅनेल जातात, म्हणून ही मोजणी लाइनवरच लावा.