बार्तोश कुरेक : २०१४ मध्ये संघाबाहेर, २०१८ मध्ये सर्वोत्तम खेळाडू, मधल्या काळात नेमके काय बदलले?

तिसरा स्पर्श (प्रश्न)

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पोलंडच्या पुरुष व्हॉलीबॉल संघाने रौप्यपदक मिळवले, तेव्हापासून मी त्या संघाचे जुने सामने क्रमाने पाहत आहे आणि त्याचा तेव्हाचा कर्णधार बार्तोश कुरेक याच्या कारकिर्दीपाशी येऊन माझे गाडे अडले आहे. २००९ मध्ये इझमीरला पोलंडने पहिल्यांदा युरोपीय विजेतेपद पटकावले, तेव्हा एकवीस वर्षांचा कुरेक त्या संघात होता. २०१२ मध्ये सोफियाला जागतिक लीग जिंकली, तेव्हा स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. असे असताना २०१४ मध्ये, पोलंडमध्येच भरलेल्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेसाठी प्रशिक्षक स्तेफान अँटिगा यांनी त्याला वगळले, आणि त्याच्याविना संघाने कातोवित्सेच्या अंतिम सामन्यात ब्राझीलला हरवून विजेतेपदही मिळवले. मग चार वर्षांनी तोच खेळाडू जागतिक स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू कसा ठरतो? जिद्द आणि मेहनत ही उत्तरे मी वाचली आहेत. ती खोटी नाहीत, पण मेहनत तर तो वगळला गेला तेव्हाही करत असणारच. खेळाच्या अंगाने काय बदलले, हे कोणी समजावून सांगेल का?

मागची फळी

याचे सर्वांत महत्त्वाचे उत्तर असे, की मैदानावरची त्याची जागा बदलली. २०१४ पर्यंत कुरेक डाव्या बाजूचा अटॅकर होता, म्हणजे समोरच्या संघाची सर्व्हिस उचलणे आणि मग लगेच धाव घेऊन स्मॅश मारणे ही दोन्ही कामे त्याच्याकडे असत. दोन मीटरांहून उंच असलेल्या माणसाला सर्व्हिस उचलण्यासाठी दर वेळी खाली वाकावे लागते. प्रतिस्पर्धी संघाला हे पक्के ठाऊक असते, त्यामुळे ते मुद्दाम त्याच्यावरच सर्व्हिस टाकत राहतात. पास (उचललेली सर्व्हिस सहकाऱ्याकडे पोचवणारा पहिला स्पर्श) बिघडला तर ठीकच, नाही बिघडला तरी त्याची धाव उशिरा सुरू होते आणि स्मॅशमधला जोर कमी होतो.

२०१५ मध्ये अँटिगा यांनीच त्याला ऑपोझिट, म्हणजे सेटरच्या (स्मॅशसाठी चेंडू चढवून देणाऱ्या खेळाडूच्या) तिरकस समोरच्या जागी, खेळवायला सुरुवात केली आणि त्याच मोसमात तो झेशूफच्या रेसोविया क्लबकडूनही त्याच जागी खेळला. ऑपोझिटला सर्व्हिस उचलण्यातून मोकळीक असते, पण त्याच्या बदल्यात संघ त्याच्याकडून फार काही मागतो. पास बिघडून चेंडू जाळीपासून दूर गेला, सेटरला मधल्या खेळाडूचा वापर करता येईनासा झाला, की उंच चेंडू उजव्या बाजूला त्याच्यासाठी चढवला जातो आणि समोर दोन किंवा तीन ब्लॉकर (जाळीवर हात उंचावून फटका अडवणारे खेळाडू) आधीच येऊन उभे असतात. शिवाय सेटर पुढच्या फळीत असतो तेव्हा ऑपोझिट मागे असतो, त्यामुळे त्याला जाळीपासून तीन मीटरवरच्या रेषेच्या मागून उडी घ्यावी लागते. कुरेक ही उडी अशी घेतो, की पाय रेषेच्या मागून सुटतात, चेंडू रेषेच्या बराच पुढे हवेत मारला जातो आणि तो खाली येतो तो पुढच्या भागात. उजव्या हाताच्या खेळाडूला उजव्या बाजूने मारताना चेंडू अंगावरून ओलांडून येण्याची वाट पाहावी लागते. त्याची वेळ साधायला बराच काळ जातो, म्हणून हा बदल एका मोसमात पुरा झाला नाही.

ब्लॉकमध्येही फरक पडला. ऑपोझिट जाळीवर उजवीकडे, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या डाव्या अटॅकरसमोर उभा राहतो, आणि तिथे कुरेकच्या उंचीचा माणूस असला की त्या अटॅकरला सरळ रेषेतला फटका सहसा मोकळा मिळत नाही.

पाचवा सेट (प्रतिसाद)

वरच्या प्रतिसादातले तांत्रिक विवेचन मला मान्य आहे, परंतु त्यावरून वाट सरळ होती असा समज होऊ नये. २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकच्या उपांत्यपूर्व फेरीत पोलंड अमेरिकेकडून हरला आणि त्यानंतर कुरेकने शारीरिक व मानसिक थकव्याचे कारण देऊन जपानच्या जेटी थंडर्स क्लबशी झालेला करार मोसम सुरू होण्याआधीच संपवला. तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचा होता. मोठ्या खेळाडूने हे उघडपणे सांगणे त्या काळात सोपे नव्हते, आणि माझ्या मते त्याच्या कारकिर्दीतला हा निर्णय पदकांइतकाच मोलाचा आहे. पुढे तो बेउखातूफच्या स्क्रा क्लबकडे परतला. याच क्लबकडून त्याने २००९ ते २०११ अशी सलग तीन राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली होती, पण आता तिथे ऑपोझिटच्या जागी मारिउश व्लाझ्वी होता, २०१४ च्या जागतिक स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू. साहजिकच कुरेकला पुन्हा सर्व्हिस उचलणाऱ्यांच्या ओळीत उभे राहावे लागले. अंकाराच्या झिराअत बँक संघात गेल्यावर तो पुन्हा ऑपोझिट झाला, आणि २०१८ मध्ये राष्ट्रीय संघाचे नवे प्रशिक्षक विताल हेयनेन यांनी त्याला त्याच जागी ठेवले.

२०१८ ची स्पर्धा पाहताना एक गोष्ट ध्यानात घ्यावी. क्युबात जन्मलेला अटॅकर विल्फ्रेदो लेओन तेव्हा पोलंडकडून खेळण्यास पात्र झालेला नव्हता, त्यामुळे अवघड चेंडूंचा भार वाटून घ्यायला पुढे दिसला तसा दुसरा जबरदस्त हात नव्हता. दुसऱ्या फेरीत संघ अर्जेंटिना आणि फ्रान्सकडून हरला होता. तिथून सावरून उपांत्य सामन्यात अमेरिकेला पाच सेटमध्ये आणि ३० सप्टेंबरला तुरिनमध्ये ब्राझीलला सरळ तीन सेटमध्ये हरवले. अंतिम सामन्याचा पहिला सेट २८-२६ असा गेला. सेटर फाबियान द्झिझ्गा चेंडू कोणाकडे चढवणार हे समोरच्यांना ठाऊक असूनही कुरेकचे फटके अडवता येत नव्हते, आणि जागा बदलल्याचा खरा अर्थ तिथे दिसतो.

लाकडी मैदान (प्रतिसाद)

अँटिगा आणि कुरेक यांच्या संबंधांविषयी थोडे लिहितो, कारण २०१४ च्या वगळण्याकडे अनेकदा वैरभावाने पाहिले जाते. हे दोघे स्क्रामध्ये एकत्र खेळलेले सहकारी होते. ज्याने वगळले त्यानेच वर्षभरात नव्या जागी उभे केले. २०१८ च्या डिसेंबरमध्ये कुरेकचा तेव्हाचा क्लब, श्चेचिनचा स्तोच्न्या, पैशांअभावी मोसमाच्या मध्यातच बंद पडला, तेव्हा नुकताच जगज्जेता झालेला कुरेक ज्या वॉर्सॉच्या ओनिको संघात गेला, त्याचे प्रशिक्षकही अँटिगाच होते. मनात कडवटपणा असता तर हे घडले नसते, असे मला वाटते.

त्यानंतर २०१९ मध्ये त्याच्या पाठीच्या कण्यावर शस्त्रक्रिया झाली. वर्षानुवर्षे मागच्या फळीतून उड्या घेणाऱ्या खेळाडूच्या कण्यावर किती ताण येतो, हे खेळलेल्यांना सांगायला नको. त्यातून उठून तो इटलीतल्या मोंझा क्लबकडे आणि मग जपानमध्ये वुल्फडॉग्ज नागोयाकडे गेला, आणि २०२२-२३ च्या मोसमात त्या संघाने जपानी लीग जिंकली. प्रशिक्षक निकोला ग्रबिच यांच्या हाताखाली तो राष्ट्रीय संघाचा कर्णधार झाला. २०२२ चे जागतिक रौप्य, २०२३ चे युरोपीय सुवर्ण आणि पॅरिसचे रौप्य ही सगळी त्याच्या कर्णधारपदाच्या काळातली पदके आहेत.

तिसरा स्पर्श

सर्वांचे मनापासून आभार. स्क्रामध्ये तो पुन्हा जुन्या जागी खेळला, हे मला ठाऊक नव्हते, आणि त्यामुळे २०१७ चे सामने इतके वेगळे का दिसतात याचा उलगडा झाला. आता एकच विचारतो : हा बदल डोळ्यांनी पाहायचा असेल तर कोणते दोन सामने शेजारी ठेवावेत?

मागची फळी

२०१२ च्या लंडन ऑलिंपिकमधला रशियाविरुद्धचा उपांत्यपूर्व सामना आणि २०१८ चा ब्राझीलविरुद्धचा अंतिम सामना. पहिल्यात प्रतिस्पर्ध्याची सर्व्हिस सुटल्यावर चेंडूकडे न पाहता फक्त कुरेकच्या पायांकडे पाहा, आणि दुसऱ्यातही तसेच करा. लंडनमध्ये तो आधी चेंडूखाली जाऊन मग धावेसाठी मागे सरकतो. तुरिनमध्ये सर्व्हिस सुटण्याच्या आधीपासूनच तो धावेच्या जागेवर उभा असतो.